सीलंट, फ्लोराइड, क्लीनिंग : मुलांच्या दातांवर आधीच खर्च करणं परवडतं का?

प्रश्न निपाणी भागातल्या एका पालकांचा आहे. थोरली मुलगी अकरा वर्षांची, धाकटा मुलगा सात वर्षांचा. शाळेत दंततपासणीचं शिबिर झालं आणि नंतर घरी चिठ्ठी आली : दोघांच्या सगळ्या दाढांना सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ लेप), फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचं घट्ट फ्लोराइड) आणि क्लीनिंग असं मिळून साडेसात हजारांचं पॅकेज घ्या, पुढचे पन्नास हजार वाचतील. मेव्हणे म्हणतात, किडेल तेव्हा सिमेंट भरू, आत्ताच पैसे कशाला घालवायचे? मुलीला आजवर कीड नाही. मुलाच्या दुधाच्या दोन दाढा भरलेल्या आहेत, आणखी दोन काळ्या पडल्यात. ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. या साडेसात हजारांतले दोन-अडीच हजार खर्च करण्यासारखे आहेत आणि ते जवळजवळ सगळे मुलावर. बाकीचे खिशात राहू द्या. शिबिरवाले म्हणतात तसा प्रत्येक प्रतिबंधक उपचार पैसे वाचवत नाही. मेव्हण्यांचं 'किडेल तेव्हा बघू' तर त्याहून महागात पडतं, फक्त ते बिल हप्त्याहप्त्यानं येतं म्हणून जाणवत नाही.

हिशेब मांडून दाखवतो. दर दवाखान्यागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरते आकडे धरू : एका दाढेच्या सीलंटला ४०० रुपये, सिमेंट भरायला १,०००, रूट कॅनल आणि वर कॅप मिळून ८,०००. आता आठव्या वर्षी भरलेली दाढ तिथेच थांबत नाही. ते सिमेंट कधीतरी निघतं किंवा त्याच्या कडेनं पुन्हा कीड धरते, की परत हजार. अशा चार दाढांतली एक जरी पुढे रूट कॅनलपर्यंत गेली, तरी प्रत्येक किडलेल्या दाढेच्या वाट्याला सरासरी आणखी दोन हजार येतात. म्हणजे लहानपणी किडलेली एक दाढ जन्मभरात साधारण चार हजारांना पडते. ठणक्याच्या रात्री आणि बुडालेले रोज यात धरलेलेच नाहीत.

आता सीलंटची बाजू. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष काढते. सीलंटवरचा तिचा २०१७ चा आढावा सांगतो की, जिथे दोन वर्षांत शंभरातल्या ४० दाढा किडल्या असत्या तिथे सीलंटमुळे साधारण ६ किडतात. जिथे १६ किडल्या असत्या तिथे ५. शंभर दाढांना सीलंट लावायचा खर्च दोन्हीकडे तोच, चाळीस हजार. पहिल्या ठिकाणी ३४ दाढा वाचल्या, म्हणजे एक दाढ बाराशेच्या आत वाचली. दुसऱ्या ठिकाणी ११ वाचल्या, म्हणजे एकीला साडेतीन हजारांच्या वर पडले. आणि समजा असा गट घेतला की जिथे मुळात शंभरात पाचच किडणार होत्या आणि त्यातल्या तीन वाचल्या, तर एक दाढ वाचवायला तेरा हजारांवर लागतात. चार हजारांचं नुकसान टाळायला तेरा हजार!

सीलंट तेच, डॉक्टर तोच, दरही तोच. बदलली ती फक्त दाढ किडायची शक्यता. म्हणून 'सीलंट परवडतं का' असा सरसकट प्रश्न मला कुणी विचारला की मी उलट विचारतो, कोणत्या मुलाची दाढ? (पैशाचं गणित पक्कं असलेले लोक म्हणतील की आज घातलेले चारशे आणि वीस वर्षांनी वाचणारे चारशे सारखे नव्हेत. बरोबर आहे. पण तोवर रूट कॅनलचे दरही तिथेच बसून राहत नाहीत.)

मग शक्यता ओळखायची कशी? त्याला मशीन लागत नाही. पुढे कीड लागेल का, याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे आधी लागलेली कीड. तुमच्या मुलाच्या दुधाच्या चार दाढा बिघडल्यात, तेवढ्यावरच तो जोखमीच्या गटात गेला. हिरडीच्या कडेला दातांवर खडूसारखे पांढरे, निस्तेज चट्टे दिसतात का पाहा, ती कीड सुरू व्हायची खूण असते. दिवसातून किती वेळा गोड तोंडात जातं ते मोजा. किती ग्रॅम यापेक्षा किती वेळा हे दातांना जास्त लागतं, कारण प्रत्येक गोड घासानंतर तोंडातलं आम्ल अर्धा-पाऊण तास दाताचं खनिज विरघळवत राहतं. आपल्याकडे चिकोडी, हुक्केरी, अथणीकडे गावोगावी ऊस; गुऱ्हाळावरची काकवी आणि गुळाचा खडा पोरांच्या हातात सहज येतो. पण माझ्या अनुभवात खरा चोर चहा-बिस्किट आहे. सकाळी, शाळेतून आल्यावर, पाहुणे आले की परत. आणि हे कुणी गोडात धरतच नाही! सणावारी पोटभर कुंदा खाऊन तोंड धुणाऱ्या पोराच्या दातांची मला तेवढी काळजी वाटत नाही.

आता ज्या दाढेवर पैसे घालायचे ती दाखवतो, कारण बहुतेक घरांत तीच चुकते. सहाव्या-सातव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी मोठी दाढ येते. वर दोन, खाली दोन. ती यायला कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना कळतही नाही. मूल ठणकतंय म्हणून येतं, मी आरशात दाखवतो आणि आई म्हणते, "डॉक्टर, दुधाचीच हाय की, पडंल आपोआप." ती पडणार नसते. ती जन्माची दाढ असते, आणि वर येता येता वर्ष-दीड वर्ष अर्धवट हिरडीखाली, ब्रश न पोचणाऱ्या उंचीवर असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत जात नाही. कीड बहुधा याच खाचांत सुरू होते. म्हणून सीलंट त्या खाचांवर, दाढ पुरती वर आल्याआल्या. सातव्या वर्षी हे काम वेळेवरचं आहे, अकराव्या वर्षी कीड न लागलेल्या दाढेवर त्याची किंमत पुष्कळ उतरलेली असते, कारण धोक्याची पहिली वर्षं त्या दाढेनं निभावून नेलेली असतात.

सीलंट लावताना बाजूला उभं राहून पाहा. गालाच्या आणि जिभेच्या बाजूला कापसाच्या गुंडाळ्या लावतात, खाचांवर आम्लाचं निळं जेल अर्धा मिनिट ठेवतात, धुतात, हवेनं सुकवतात. सुकल्यावर दाढेचा माथा खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. मग पातळ द्रव खाचांत सोडून निळ्या उजेडानं घट्ट करतात. सुकवल्यानंतर आणि उजेड लावण्याआधी तिथे लाळ लागली, तर काही महिन्यांत ते निघणार. वर्गातल्या बाकावर, ना कापूस ना लाळ ओढायची नळी, एका तासात तीस मुलं, अशा ठिकाणी सीलंट लावून घेऊ नका. दाढ अजून अर्धवट हिरडीत असेल तर कोरडी राहत नाही, तिथे ग्लास आयोनोमर हे सिमेंट वापरतात. ते लवकर झिजतं, पण मधल्या काळात राखण करतं. एक भीती उगाच असते, की सीलंटचा तुकडा निघाला तर आत कीड जास्त लागते. तसं होत नाही. निघालेल्या सीलंटची दाढ मुळात न लावलेल्या दाढेपेक्षा वाईट नसते. फक्त सीलंट दोन दातांमधल्या फटीला उपयोगी नाही, तिथलं काम पेस्टचं.

तर पेस्टकडे येतो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परतावा देणारी गोष्ट तीच आहे आणि कुठल्याही पॅकेजमध्ये ती नसते. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) असू शकतं आणि ते ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. ट्यूब उलटी करून वाचा. आकडा नसेल तर ती लवंगेची असो, कडुलिंबाची असो की कोळशाची, किडीपुरता तिचा उपयोग ब्रशच्या पाण्याइतकाच. फ्लोराइडच्या पेस्टनं मुलांच्या पक्क्या दातांची कीड साधारण चोवीस टक्क्यांनी कमी होते, असं कॉक्रेनचं २००३ चं संकलन सांगतं. आता खर्च बघा. मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट, म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम, दिवसातून दोनदा पुरते. दीडशे ग्रॅमची ट्यूब एका मुलाला तीनशे दिवस जाते! जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, ती त्यांच्या विक्रीसाठी. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. रात्री झोपताना लावलेली पेस्ट सकाळपेक्षा जास्त कामाची, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्ट थुंकून टाकायची, नंतर चूळ भरायची नाही. आमच्याकडे मोरीत तांब्या घेऊन दहा चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे हे शेवटचं पटवायलाच मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं.

राखुंडी आणि लाल मंजन मुलांना देऊ नका, दात घासले जातात म्हणजे अक्षरशः झिजतात. मिशरीबद्दल निपाणीच्या माणसाला मी काय सांगणार? तंबाखू तुमच्या शिवारातलीच. एवढंच सांगतो की मिशरीचं बोट आईच्या तोंडात गेलं की घरातली पोरं तेच शिकतात.

वार्निश हे दातांवर लावायचं घट्ट फ्लोराइड. काम करतं यात वाद नाही. कॉक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यात पक्क्या दातांची कीड सरासरी ४३ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. पण परवडतं का, हे कोण कुणाकडे जातं यावर ठरतं. वेल्समध्ये सहा-सात वर्षांच्या हजारावर मुलांवर तीन वर्षं सीलंट आणि वार्निश यांची तुलना झाली. सीलंटच्या गटात १९.६ टक्के मुलांच्या त्या नव्या पक्क्या दाढा किडल्या, वार्निशच्या गटात १७.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. वार्निश मात्र मुलामागे सुमारे ६८ पौंडांनी स्वस्त पडलं. हे वाचून इकडे कुणी वार्निशची तरफदारी केली, तर एक गोष्ट निसटते : तिथे फिरतं पथक दर सहा महिन्यांनी शाळेच्या दारात जात होतं. आपल्याकडे तीन वर्षांत सहा वेळा पालकानं मुलाला घेऊन यायचं. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट पडत नाही, त्यामुळे आईचं भाडं वाचलं. तिचा रोज वाचत नाही. रोजाचे पाचशे आणि वार्निशचे पाचशे धरले, तर सहा फेऱ्यांत सहा हजार झाले. चार सीलंटचे सोळाशे, दोनदा तपासणीला यायचे दोन रोज, म्हणजे हजार. तिथे जे स्वस्त ते इथे महाग झालं की नाही? आणि खरं तर तिसऱ्या फेरीनंतर कुणी येत नाही, मग आधीचेही गेले. शाळेतच कुणी नियमानं वार्निश लावणार असेल तर जरूर लावून घ्या, स्वतः पैसे घालताना आधी सीलंट.

अगदी लहान मुलांत तर वार्निशचा हिशेब आणखी सैल आहे. उत्तर आयर्लंडमध्ये दोन-तीन वर्षांच्या, कीड नसलेल्या बाराशेवर मुलांना वार्निश आणि पेस्ट तीन वर्षं दिली. एक मूल पूर्ण कीडमुक्त ठेवायला दोन हजार पौंडांहून जास्त खर्च आला.

पाण्याचंही बघा. बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, खानापूरकडे मलप्रभेचं खोरं. अशा नदी-धरणाच्या पाण्यात फ्लोराइड साधारणपणे कमी असतं, तिथे पेस्टवरच भिस्त. पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात खोल बोअरचं पाणी पीत असाल आणि गावातल्या पोरांच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसत असतील, तर वार्निशचा विचार करण्याआधी ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घ्या. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर पैसे पाणी बदलण्यावर घाला.

मुलाच्या त्या दोन काळ्या पडलेल्या दाढांचं काय? इथे एक औषध आहे, ज्याची मी मनापासून शिफारस करतो : सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. ३८ टक्क्यांचं द्रावण, कीड लागलेल्या जागी एक-दोन मिनिटं लावायचं. इंजेक्शन नाही, मशीन नाही, रडारड नाही. एका थेंबात चार-पाच दात होतात. दुधाच्या दातांतली बहुतेक कीड तिथेच थांबते, वर्षातून दोनदा लावलं तर एकदापेक्षा चांगली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. खोट एकच, किडलेली जागा डांबरासारखी काळी पडते आणि काळीच राहते. मागच्या दाढांना कुणी हरकत घेत नाही. पुढच्या दातांचं सांगितलं की आजी म्हणते, "पोरीचं दात काळं करून ठेवायला सांगतोयसा व्हय?" तेव्हा घरच्यांना आधी फोटो दाखवून विचारून घेतो. दाढेला गळू आलं असेल किंवा रात्री आपोआप ठणका लागत असेल, तर हे औषध चालणार नाही.

आधीच किडलेल्या दुधाच्या दाढांवर फार महाग उपचार करावेत का, यावर ब्रिटनमधल्या अकराशेवर मुलांच्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. मशीननं कोरून भरणं, कीड आतच बंद करून टाकणं, किंवा न भरता फक्त प्रतिबंध. तिन्ही गटांत दुखणं आणि पू होण्याचं प्रमाण सारखंच निघालं, दहातल्या चार मुलांना त्रास झालाच. याचा मी काढलेला अर्थ असा, की एकदा कीड लागली की कोणताही मार्ग निर्धोक नाही, म्हणून त्यातल्या त्यात स्वस्त आणि मुलाला न घाबरवणारा मार्ग घ्यावा.

क्लीनिंग. मुलांच्या किडीसाठी याचा काही उपयोग नाही, पॅकेजमधून सरळ काढून टाका. मोठ्यांनीही दर सहा महिन्यांनी तपासणीला गेलंच पाहिजे असं नाही. ब्रिटनमध्ये नियमित दवाखान्यात येणाऱ्या २,३७२ प्रौढांना चार वर्षं पाहिलं, सहा महिन्यांनी तपासणी आणि ज्यांना जोखीम कमी त्यांना दोन वर्षांनी तपासणी यांत तोंडाच्या आरोग्यात फरक दिसला नाही. अर्थात तंबाखू, मिशरी, मधुमेह असणाऱ्यांनी हा निकाल स्वतःला लावू नये.

सरकारी बाजूचंही दोन शब्दांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आणि अंगणवाडीत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. मुलाचं नाव नोंदलं गेलं का विचारा, पुढची चिठ्ठी मागून घ्या. कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्या लोकांना मोफत कवळी देणारी योजना आहे, चांगलीच आहे. पण सगळे दात गेल्यावर कवळी देण्यापेक्षा अंगणवाडीत रोज फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासून घेणं किती स्वस्त पडेल, हे कुणीतरी मांडायला हवं. स्कॉटलंडनं बालवाड्यांत तेच केलं. कार्यक्रमाच्या आठव्या वर्षी, त्यावर होणाऱ्या वार्षिक खर्चाच्या अडीचपटीहून जास्त रक्कम पाच वर्षांच्या मुलांच्या उपचारांत वाचत होती. तिथे ब्रश धरून उभं राहायला दंतवैद्य लागला नाही.

आता तुमच्यापुरतं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ, तिकडे ओळखीचा डॉक्टर असेल तर तिथेही चालेल. पण एकदा बेळगावची फेरी करायची तयारी असेल तर केएलईचं किंवा मराठा मंडळाचं दंत महाविद्यालय बघा. बालदंत विभागात शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ दुप्पट लागतो, फी खाजगीपेक्षा पुष्कळ कमी. मुलाच्या चारही नव्या दाढा वर आल्यात का पाहून सीलंट, काळ्या दाढांना सिल्व्हर डायअमाइन, दोन्ही एकाच दिवशी करून घ्या. सहा महिन्यांनी परत दाखवा, सीलंट निघालं असेल तर तेवढंच लावायचं.

मुलीला आत्ता फक्त पेस्ट. तिच्या दाढांच्या खाचा फारच खोल आहेत किंवा त्यात तपकिरी रेघ धरलीय असं तपासणाऱ्यानं दाखवलं, तर त्या एक-दोन दाढांचं सीलंट करा, सगळ्यांचं नको. बाराव्या वर्षी त्यांच्या मागे दुसऱ्या पक्क्या दाढा येतील, तेव्हा एकदा दाखवा. आणि मेव्हण्यांच्या घरी पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर दुधाच्या दाढांच्या मागे काय आलंय ते त्यांना टॉर्च लावून बघायला सांगा.